नाव कोणाच्या नावावर?

व्यापारी घरात मूल बोलू लागते तेव्हापासून एक शब्द त्याच्या कानावर सतत पडत असतो, तो म्हणजे पत. भांडवल उसने आणता येते, गाळा भाड्याने मिळतो, मुनीम पगारावर ठेवता येतो. पत मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते. संगणकाच्या आणि इंटरनेटच्या धंद्यात या जुन्या शब्दाला फारसा अर्थ उरला नसावा, असे पुष्कळांना वाटते. नांदेडच्या एका तरुणाची हकीकत मात्र वेगळेच काही सांगते. त्याचे नाव सांगण्याची गरज नाही. त्याच्यासारखी मुले आज मराठवाड्यातील अनेक व्यापारी घरांत आहेत आणि त्यांच्या आई-वडिलांपुढील प्रश्नही थोड्याफार फरकाने तेच आहेत.

घर मोंढ्यातले. नांदेडच्या नव्या मोंढ्यात वडिलांचे आडत दुकान. त्यापूर्वी ते आजोबांचे होते. हंगामानुसार सोयाबीन, तूर, हरभरा, हळद. सकाळपासून मालाच्या गाड्या, हमालांची धावपळ, मापाड्याचा काटा, मग सौदा, आणि रात्री रोजमेळ जुळेपर्यंत जेवण नाही. मुलाच्या नशिबी हा धबडगा येऊ नये म्हणून वडिलांनी त्याला अभियांत्रिकीला घातले. पदवीनंतर पुण्यात हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा तो लॅपटॉप घेऊन घरी आला, तो वरच्या खोलीतच स्थिरावला. वर्षभर घरून काम केले. मार्च २०२१ मध्ये त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि सांगितले, की नांदेडमध्येच राहून दुकानदारांची संकेतस्थळे तयार करून देण्याचा व्यवसाय करणार.

घरात जे व्हायचे ते झाले. काका म्हणाले, "म्हणजे झेरॉक्सचे दुकान टाकणार का?" आईची चिंता वेगळी होती. पुण्यातील नोकरीच्या बळावर दोन स्थळे चालून आली होती. गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार? वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माल कोणता विकणार?"

हा प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर सोपे नव्हते.

इंटरनेट भारतातील सामान्य ग्राहकासाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. मराठवाड्यातील गावांपर्यंत ते पोहोचले ते प्रथम सायबर कॅफेच्या रूपाने. तेथे निकाल पाहायचे, अर्ज भरायचे आणि तासाचे पैसे देऊन बाहेर पडायचे. व्यापाऱ्याचा त्याच्याशी खरा संबंध आला तो पुढे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. त्याच वर्षी यूपीआय आले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ज्या गादीवर आयुष्यात संगणक आला नसता, त्या गादीवरही तो येऊन बसला. २०१८ मध्ये व्यापारासाठीचे व्हॉट्सॲप आले. अशा रीतीने मोंढ्यातील माणूस नकळत या जगात ओढला गेला होता. त्याला तेथे स्वतःची जागा मात्र नव्हती.

गावात राहून असे काम करता येते, याची मोठी उदाहरणेही समोर होती. मराठवाड्यातीलच बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात मासिक नऊ हजार रुपयांवर काम करीत होते. तेथेच संगणकावर काम करणारी माणसे पाहून त्यांनी ग्राफिक्स आणि ॲनिमेशन शिकून घेतले आणि २०१५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. टाळेबंदीत ते गावी परतले. गावात नेटवर्क धड नव्हते. टेकडीवरील गोठ्यापाशी ते मिळत होते, म्हणून कार्यालय तेथेच थाटले आणि गावातील मुलांना हाताशी धरले. पुढे दूरचित्रवाणीवरील 'शार्क टँक इंडिया' या कार्यक्रमात त्यांच्या कंपनीला एक कोटी रुपयांची गुंतवणूक देऊ केली गेली. तमिळनाडूत झोहो कंपनीचे श्रीधर वेम्बू यांनी तेन्काशीजवळील खेड्यात कार्यालय उभारून स्वतः तेथे मुक्काम हलवला, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही उदाहरणे धीर देतात, पण नांदेडच्या तरुणाला त्यांची वाट जशीच्या तशी उपयोगी पडणारी नव्हती. भगत आणि वेम्बू यांचा माल गावात तयार होतो आणि ग्राहक जगभर असतो. येथे ग्राहक शेजारच्या गल्लीतला. तो सकाळी देवदर्शनाला भेटतो, लग्नात पंगतीला शेजारी बसतो, आणि काम बिघडले तर कंपनीच्या क्रमांकावर तक्रार न नोंदवता सरळ वडिलांच्या दुकानात येतो. मोठ्या शहरातील व्यावसायिकाला एक ग्राहक गेला तर दुसरा मिळतो; गावात एक ग्राहक गेला की त्याच्याबरोबर त्याचे सोयरेही जातात.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्याने त्यांच्याच भाषेत दिले. डोमेन म्हणजे पाटीवरचे नाव. ते विकत मिळत नाही. एक वा अधिक वर्षांच्या पट्ट्याने मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी पट्टा वाढवावा लागतो. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. दूर कोठेतरी सदैव चालू असणाऱ्या संगणकावर घेतलेली जागा. संकेतस्थळ म्हणजे त्या गाळ्यात मांडलेला माल, आणि डोमेनच्याच नावाचा ईमेल म्हणजे दुकानाची टपालपेटी. वडिलांनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खातेवहीत मुलाचे स्वतंत्र खाते उघडले, ऐंशी हजार रुपये त्याच्या नावे टाकले आणि व्याजाचा दरही लिहिला. घरच्या मुलाला व्याज कसले, असे आई म्हणाली. "बिनव्याजी पैशाने धंदा शिकता येत नाही," एवढेच ते म्हणाले.

पहिले ग्राहक मिळाले ते गुरुद्वारा परिसरातून. सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाब, दिल्ली आणि परदेशातूनही यात्रेकरू येतात. गुरू गोविंदसिंगांच्या नांदेडमधील अखेरच्या वास्तव्याशी आणि गुरू ग्रंथसाहिबाला त्यांनी दिलेल्या गुरुगादीशी हे स्थान जोडलेले. २००८ मध्ये गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला तेव्हापासून गावातील लॉजची संख्या आणि अपेक्षा दोन्ही वाढल्या. लुधियानाहून निघणाऱ्या कुटुंबाला खोली कशी आहे, स्थानकापासून किती दूर आहे, वृद्धांसाठी लिफ्ट आहे का, हे आधी पाहायचे असते. एका लॉजमालकासाठी त्याने मराठी, हिंदी आणि गुरुमुखीत पाने तयार केली. गुरुमुखीतला मजकूर एका स्थानिक शीख शिक्षकाकडून तपासून घेतला. महिनाभरात त्या पानांवरून विचारणा येऊ लागली आणि शेजारच्या दोन लॉजमालकांनी त्याला बोलावून घेतले.

दुसरे दार उघडले लातूरचे. बहीण तेथे दिलेली. दाजींचे गंजगोलाईत कापडाचे दुकान. अनेक रस्ते जेथे येऊन मिळतात त्या गोलाकार बाजारपेठेत एका माणसाची ओळख झाली की वर्तुळभर पसरते. लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत एसटीने तो महिन्यातून दोनदा लातूरला जाऊ लागला. लातूरची गरज नांदेडहून निराळी होती. तुरीच्या आणि डाळीच्या व्यापारात लातूरचे नाव देशभर घेतले जाते. तेथील डाळमिलचा ग्राहक हैदराबादला, चेन्नईला बसलेला असतो. त्याला गिरणीची क्षमता, पॅकिंगचे प्रकार, परवान्यांचे क्रमांक पाहायचे असतात. दुसरीकडे 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारे विद्यार्थी. त्यांच्या पालकांना क्लास, वसतिगृह आणि खानावळ यांची माहिती घरबसल्या हवी असते.

काम मिळत होते, तरी प्रत्येक दारात एक प्रश्न उभा असे: फुकट मिळते ते सोडून पैसे का द्यायचे? गूगलच्या नकाशावर दुकान फुकट दिसते, व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो फुकट जातात. या प्रश्नाला तो खोटे उत्तर देत नसे. किराणा दुकानदाराला तो स्वतःच सांगे, की तुम्हाला संकेतस्थळाची गरज नाही. नकाशावरची नोंद नीट करा, वेळ आणि फोन क्रमांक बरोबर लिहा, तेवढे पुरे. ते काम तो पाचशे रुपयांत करून देई. ज्याचा ग्राहक गावाबाहेर आहे, ज्याला दूरच्या माणसाचा विश्वास बसवायचा आहे, त्यालाच तो संकेतस्थळ सुचवी. त्यामुळे काही सौदे हातचे गेले. पण ज्याला त्याने नको म्हटले, त्यानेच पुढे दुसऱ्याला त्याच्याकडे पाठवले, असेही घडले.

मराठी मजकुराचेही एक दुखणे होते. व्यापाऱ्यांकडे जुनी पत्रके, दरपत्रके, संस्थांचे अहवाल असत ते डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले. छापायला ते ठीक. पण संकेतस्थळावर टाकले तर अक्षरांचा कचरा दिसतो आणि शोध घेणाऱ्याला त्यातला एक शब्दही सापडत नाही. तो सारा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागे आणि मग ओळ न ओळ तपासावी लागे, कारण रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. एखाद्या मालकाचे आडनाव चुकले तर बाकीचे काम कितीही सुबक असो, ते वायाच. हे काम त्याने धाकट्या चुलतबहिणीला शिकवले आणि तिला दर पानामागे मोबदला ठरवून दिला.

अशा रीतीने सहा महिने बरे गेले. मग आली २०२१ ची दिवाळी.

एक चूक त्याने पहिल्या दिवसापासून केली होती आणि तिला तो सोय समजत होता. ग्राहकाला डोमेनची नोंदणी, पासवर्ड, ईमेलवरची खातरजमा हे सारे किचकट वाटे. "ते तूच बघ बेटा," असे ते म्हणत. म्हणून सर्व डोमेन त्याने एका परदेशी कंपनीकडे स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने नोंदवली होती. पट्टा संपला की त्याच्या कार्डावरून रक्कम आपोआप कापली जाईल, अशी व्यवस्था केली होती. काही ग्राहकांची जुनी नावेही त्याने याच खात्यात आणून ठेवली होती. त्यांत लातूरच्या एका डाळमिलचे नाव होते.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची संमती नव्या पद्धतीने नोंदवणे आवश्यक झाले. ज्यांची ती नोंद नव्हती त्यांची वसुली बँका नाकारू लागल्या. नियम ग्राहकाच्या हिताचाच होता. परंतु परदेशी कंपन्यांकडील अनेक नोंदण्या त्यामुळे थांबल्या. डाळमिलच्या डोमेनची मुदत नोव्हेंबरच्या आरंभी संपली. सूचनेचे ईमेल आले होते. ते जाहिरातींच्या गर्दीत पडून राहिले. घरात फराळ, पाहुणे, लक्ष्मीपूजन, वहीपूजन. संकेतस्थळ बंद पडले. त्याहून वाईट म्हणजे त्या नावावरचा ईमेलही बंद पडला.

मिल सुट्टीनंतर लाभपंचमीला उघडली. त्याच सकाळी हैदराबादच्या जुन्या खरेदीदाराचा फोन आला, की दर मागवण्यासाठी दोनदा ईमेल पाठवला, तो परत आला. वाट पाहून दुसरीकडे सौदा केला. मिलमालकांनी नांदेडला फोन लावला. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "बेटा, आमच्या मिलचे नाव कोणाच्या नावावर आहे?"

त्याने खरे ते सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता झाली. मग ते म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षांचे आमचे नाव तुझ्या कार्डावर टांगलेले होते."

तांत्रिक दुरुस्ती तासाभरात झाली. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते; त्या अवधीत नेहमीच्या शुल्कात नाव परत मिळते. तो काळही उलटला तर मोठा दंड भरून ते सोडवावे लागते, आणि तेही राहिले तर ते बाजारात मोकळे होते. मग कोणीही ते घेऊ शकतो. येथे सवलतीच्या काळातच चूक लक्षात आली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ईमेल सुरळीत झाला. गेलेला सौदा मात्र गेला.

त्या रात्री त्याने वडिलांना सगळे सांगितले. नियम बदलला, बँकेने वसुली नाकारली, कंपनीने फोन केला नाही, हे सारे सांगून झाल्यावर वडील म्हणाले, "नियम बदलला हे खरे. पण आपल्या दुकानात रोज शेकडो कट्टे पडतात. त्यांतला एकही आपला नसतो. थप्पीला शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी लागलेली असते. आपण माल सांभाळतो, विकून देतो, आपली आडत घेतो. चिठ्ठीवर आपले नाव लिहिले, तर त्याला आडत म्हणत नाहीत."

पुढचा महिनाभर त्याने एकही नवे काम घेतले नाही. प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन, त्याचा स्वतःचा ईमेल उघडून देऊन, एकेक डोमेन त्या त्या ग्राहकाच्या नावाने केले. जे तयार झाले त्यांची नोंदणी भारतीय कंपनीकडे हलवली, म्हणजे पावती रुपयांत मिळेल आणि भरणा यूपीआयने करता येईल. प्रत्येकाला एक पाकीट दिले. त्यात चार गोष्टी होत्या: डोमेन कोठे नोंदले आहे आणि त्याची मुदत कधी संपते, होस्टिंग कोणाकडे आहे, खात्यात शिरण्याची माहिती, आणि संकेतस्थळाची संपूर्ण प्रत असलेला पेनड्राइव्ह. पाकिटावर लिहिले होते, की हे काम पुढे दुसऱ्या कोणाकडे द्यावेसे वाटले तर एवढ्यावर देता येईल.

एका मित्राने त्याला वेड्यात काढले. ग्राहकाच्या हाती किल्ल्या दिल्या तर तो बांधलेला कसा राहणार? या धंद्यात ग्राहकाचे डोमेन आपल्या नावावर ठेवून त्याला अडकवून ठेवण्याची रीत काही ठिकाणी आहेच. ग्राहक सोडून जाऊ लागला की नाव सोडण्यासाठी मोठी रक्कम मागितली जाते आणि छापलेल्या पिशव्या, पत्रके, पाट्या यांवर तेच नाव असल्याने बिचारा ती देतो. अशा ग्राहकाला टिकलेला ग्राहक म्हणता येत नाही. दोन ग्राहक पाकीट घेऊन खरोखर निघूनही गेले. डाळमिलच्या मालकांनी पाकीट तिजोरीत ठेवले आणि सांगितले, "वर्षभर बघू." तेही योग्यच होते.

मार्च २०२२ मध्ये वडिलांनी त्याला पहिल्या वर्षाचा हिशेब मांडायला बसवले. सतरा कामे, प्रत्येकी बारा हजार रुपये. एकूण दोन लाख चार हजार. हाती आले एक लाख एकवीस हजार. त्र्याऐंशी हजार उधारीत. डोमेन, होस्टिंग, प्रवास आणि इंटरनेट यांचा खर्च अठ्ठेचाळीस हजार. म्हणजे वर्षभर राबून महिन्याला जेमतेम सहा हजार रुपये हाती पडले. उधारीच्या यादीत निम्मी नावे नात्यातली होती. "घरचाच मुलगा आहे, देऊ कधीतरी," हे वाक्य गावच्या धंद्याला फार महाग पडते. दुकानातून साडी नेली तर पैसे द्यायचे असतात हे सगळ्यांना कळते. संगणकावर बसून केलेल्या कामाला मात्र मोल आहे हे नातेवाइकांना पटवणे कठीण जाते.

त्या रात्रीच दर आणि रीत दोन्ही बदलले. निम्मी रक्कम काम सुरू होताना, उरलेली संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी. नात्यालाही तोच नियम. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वार्षिक देखभालीचा स्वतंत्र करार. त्यात डोमेन व होस्टिंगचे नूतनीकरण, दर आठवड्याला प्रत काढून ठेवणे, सुरक्षिततेचे बदल आणि महिन्यातून एकदा मजकुरातील दुरुस्ती, असे सर्व लिहून ठेवलेले. पहिल्या विक्रीवर हा धंदा उभा राहत नाही. नांदेड-लातूरमध्ये संकेतस्थळ हवे असणारे व्यापारी शेवटी मोजकेच. रोज नवा ग्राहक कोठून आणणार? जुना ग्राहक दरवर्षी परत पैसे देईल का, यावरच सारे अवलंबून असते. आडत्याकडे तोच शेतकरी पुढच्या हंगामात गाडी घेऊन येतो की नाही, तसेच हे.

कायद्याचीही मदत असते, पण ती कागद नीट असेल तरच. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य आहे आणि आधारच्या आधारे घरबसल्या होते. सेवा देणारा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे त्याचे देणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की अशा मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून मान्य होईल. देणेकरी व्यापाऱ्याच्या सनदी लेखापालालाच ही काळजी लागल्यामुळे अनेक जुनी येणी मार्चअखेर वसूल झाली, हे पुष्कळ छोट्या सेवा-व्यावसायिकांनी अनुभवले. सेवांसाठी वीस लाखांपर्यंतच्या उलाढालीस सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, हाही सुरुवातीला दिलासा असतो.

कर्जाबाबत मात्र सावधपणा हवा. एप्रिल २०१५ पासून असलेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. दोन चांगले संगणक, इन्व्हर्टर आणि छपाईयंत्र यांसाठी ते उपयोगी पडते. सजवलेले कार्यालय, काचेचा दरवाजा आणि वातानुकूलन यांसाठी कर्ज काढणे म्हणजे पहिल्याच वर्षी हप्त्याच्या चक्रात सापडणे. या तरुणाने दुसऱ्या वर्षी संगणकांपुरतेच कर्ज घेतले आणि कार्यालय वडिलांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावरच ठेवले. तेथे उन्हाळ्यात बसवत नाही, ही गोष्ट खरी.

२०२४ च्या मार्च महिन्यात आणखी एक घटना घडली. गूगलने व्यापाऱ्यांना नकाशाच्या नोंदीबरोबर विनामूल्य दिलेली छोटी संकेतस्थळे बंद केली. ज्यांनी पिशव्यांवर आणि पावत्यांवर तोच पत्ता छापला होता, ते एकदम उघड्यावर आले. "फुकट मिळते" म्हणून त्याला परत पाठवणारे दोन दुकानदार पोटमाळ्याच्या पायऱ्या चढून आले. त्याने जुनी आठवण काढली नाही. प्रथम एकच गोष्ट सांगितली: "नाव तुमच्या नावावर घेऊ."

आज त्याच्याकडे साठहून थोडे अधिक देखभालीचे करार आहेत. चुलतबहीण आणि लोह्याहून रोज येणारी एक पदवीधर मुलगी, दोघी कामाला आहेत. मिळकत पुण्याच्या पगाराइतकी अजून झालेली नाही. त्याचे तेव्हाचे सहकारी बरेच पुढे गेले आहेत आणि ते तो मोकळेपणाने मान्य करतो. लग्नाचा प्रश्नही सहज सुटला नाही. तीन ठिकाणांहून "मुलगा पुण्याला येणार असेल तर पाहू" असे उत्तर आले. चौथ्या ठिकाणच्या मुलीने मात्र स्वतःच विचारले, की काम नेमके काय आहे, आणि दोन तास समजून घेतले. ती वाणिज्य पदवीधर आहे; करारांची आणि येण्याची वही आता तिच्याकडे आहे.

मुलगा गावी राहतो म्हटले की तो हरला, असे समजण्याची सवय घरोघरी लागली आहे. काही मुलांसाठी शहरच योग्य असते. त्यांना अडवू नये. पण जो राहू इच्छितो त्याला दुकानातील गादीच्या कोपऱ्यात बसवून ठेवण्यापेक्षा, किंवा चार महिन्यांत "काय मिळवलेस?" असे विचारण्यापेक्षा, त्याचे खाते उघडून द्यावे, व्याज लावावे, हिशेब मागावा आणि तीन वर्षे थांबावे. पहिल्या वर्षाच्या सहा हजारांवर निकाल दिला असता, तर या घरातील हकीकत तेथेच संपली असती.

डाळमिलचा करार दरवर्षी लाभपंचमीला नवा होतो. मिलमालक रक्कम आधी देतात, मग विचारतात, "आमचे पाकीट बरोबर आहे ना?" तो नवी मुदत लिहिलेला कागद पाकिटात घालतो आणि ते तिजोरीत ठेवतात. गेल्या वर्षी नांदेडला वडिलांनीही तेच केले. आडत दुकानासाठी मुलाने केलेल्या संकेतस्थळाचे पाकीट त्यांनी बाजार समितीच्या परवान्याच्या फाइलीत लावले. लावण्यापूर्वी चष्मा चढवून त्यांनी नोंदणी कोणाच्या नावाने आहे ते वाचून घेतले. दुकानाचेच नाव होते. मग त्यांनी पावतीप्रमाणे बाराशे रुपये मुलाच्या खात्यात जमा केले.